बावन्नचं बासष्ट

उदगीरच्या दवाखान्यात, रक्तपेढीच्या मागच्या खोलीत
यूपीएस बसलाय टेबलाखाली. हिरवा दिवा लागलेला,
पाठीवर हात ठेवला तर मांजरागत बारीक घुरघुर.
आणि संगणक म्हणतो, असं कुणी इथं नाही.

रविवारी मीच चढवली नवी सिस्टिम.
जुनी काही वाईट नव्हती,
पण लातूरहून पत्र आलं होतं,
आणि पत्राला कोण विचारणार, बाबा रे, कशाला?

तेव्हापासून ही वायर मुकी.
वीज गेली की ठोकळ्यानं सांगायचं असतं
साहेब, बॅटरीवर आलो, वीस मिनिटं आहेत,
म्हणजे फ्रिजच्या तापमानाची नोंद नीट लिहून
संगणकानं शहाण्यासारखं झोपायचं.
सोमवारी तो बसल्या जागी कोसळला.
दुपारी दोन ते चार, वहीत कोरी जागा.
चार अंशांवर ठेवलेल्या एकोणीस पिशव्या
त्या दोन तासांत किती अंशांवर होत्या
कुणालाच माहीत नाही.
डॉक्टरीण बाईंनी त्या सगळ्या बाजूला काढायला लावल्या.
बोलल्या काहीच नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

केबल बदलली. दुसरं भोक, तिसरं भोक.
मग काळ्या पडद्यावर हुकूम टाकला: कोण कोण जोडलेलं आहे?
आलं की नाव!
कंपनीचा आकडा, मालाचा आकडा, सगळं बिनचूक.
पुढचा हुकूम टाकला: याच्याशी बोल.
उत्तर: परवानगी नाही.

खाजामियाँ दारात स्टुलावर बसून सुशीला खात होते.
बावीस वर्षं हे दार त्यांचं.
यूपीएस नव्हता तेव्हा रात्री दिवे गेले की
कंदील धरून जनरेटरकडं तेच पळायचे.
एक तारखेपासून नवी एजन्सी आली,
तिच्या यादीत त्यांचं नाव नाही.
तरी येतात. किल्ली त्यांच्याच खिशात आहे,
ती परत मागायलासुद्धा कुणी आलेलं नाही.

"काय करालास आप्पा, सकाळधरनं?"
म्हटलं, मामू, हा आहे, चालू आहे, यादीत पण आहे,
पण याला बोलू द्यायचं असा जो नियम आहे ना,
त्याच्या फायलीला आकडा होता बावन्न.
नव्या सिस्टिमीत तो फार लवकर वाचला जातोय,
मागनं येणारा दुसरा नियम त्याला पुसून टाकतोय.
"मग?"
मग बासष्ट करायचं. रांगेत जरा मागं उभं करायचं.
मामू हसले. "मागं उभं राहून काम होतंय व्हय?
आमचं तर कधी झालं नाही."

नाव बदललं. नियम पुन्हा वाचायला लावले.
तरी परवानगी नाही.
घाम कपाळावरून कळफलकावर. एप्रिल, पंखा बंद,
सगळ्या खोलीची वीज फ्रिजला दिलेली.
मग आठवलं, वायर उपटली नव्हती.
उपटली. दहा मोजले. पुन्हा खोचली.
आणि पडद्यावर एक ओळ उगवली:
वीज आहे. बॅटरी शंभर टक्के.

मामू वाकून बघत राहिले बराच वेळ.
बोटाला लागलेला चुरमुरा झटकला.
"आप्पा, मला बी एकदा काढून लावून बघ की."

मला काहीच सुचलं नाही. म्हटलं, भिंतीतला प्लग काढा.
त्यांनी काढला.
ठोकळा ओरडला, पडद्यानं ऐकलं,
बॅटरीवर, एकोणीस मिनिटं.
आम्ही दोघं ते आकडे उतरताना बघत बसलो,
सतराला मामूंनी प्लग परत लावला.

दुरुस्तीच्या वहीत तारीख टाकली.
बिघाड: यूपीएस ओळखत नव्हता.
उपाय: बावन्नचं बासष्ट, वायर काढून लावली.
शेवटचा रकाना, हजर व्यक्ती.
माझं लिहिलं, बिराजदार.
खाली लिहिलं, सय्यद खाजामियाँ, पहारेकरी,
आणि वही त्यांच्यापुढं सरकवली सहीला.
त्यांनी आधी हात धुतले.