माणूस सोडून काहीही

केमी गावच्या वाचनालयाचं तळघर. गुरुवार. बाहेर उणे सत्तावीस.
इर्याचा नियम एकच, फळ्यावर खडूने लिहिलेला:
मुखवटा घातलेला माणूस इथे चालणार नाही.
टोकदार कान लावले की झालं, असं नाही.
आधी सांगा, तो झोपतो कसा. भूक त्याला कुठे लागते.

पिर्क्का सोळा वर्षांचा. त्याचा सरडा थंड रक्ताचा.
"गारठ्यात माझं मत बनत नाही," म्हणाला,
आणि उठून त्याने खिडकीच उघडली.
आम्ही कोट चढवले. फासे हातमोज्यांतून निसटू लागले.
राक्षस दारात येऊन ठेपला
तरी सरड्याचा राग एकेक पायरी चढत होता.
शेवटी तो "मारा!" ओरडला
तेव्हा आम्ही लूट वाटून घेत होतो.

इल्ता एकटी नाही, थवा आहे.
तीनशे माश्या मिळून एक जादूगार.
दार उजवं की डावं, विचारलं तर ती बसून मतं मोजते.
एकदा तिच्यातल्या चाळीस जणी मधाच्या वासाने फुटून गेल्या,
त्यांच्याबरोबर एक मंत्रही गेला.
तो आता कुठल्याशा ढोलीत गुणगुणत असेल.
तिला एवढंच आठवतं, की आपल्याला काहीतरी यायचं.

साकारीचा डोंगरवासी नऊशे वर्षांचा.
राजा मेला, सांगितलं.
"कुठला? मघाशी होता तो?"
त्याला काही विचारायचं म्हणजे आडात खडा टाकायचा,
आणि कान देऊन बसायचं.
उत्तर दोन गुरुवारांनी येतं.

आणि मी. दिवसभर टपाल निवडते,
रात्री दलदलीतली बाई होते, डोळ्यांवाचून.
आम्ही वासाने विचार करतो.
काल म्हणजे विरळ झालेला आज.
गेला तो गेला, असं आमच्या भाषेत म्हणताच येत नाही.
तो असतो, नुसता थोडा कमी.
खोटंही जमत नाही. घाम आधी बोलून जातो.

तुओमो तेवढा हट्टी. त्याला माणूसच हवा होता.
"गिरणीत आठ तास यंत्र असतो, इथे तरी होऊ द्या."
इर्याने फळा पुसला नाही, पण त्याला बसू दिलं.
ओत्सो नावाचा भालाईत.
डोक्यावर कर्ज, गुडघ्यात कळ, राईच्या पावावर जीव.
आमच्यातला तोच खरा अजब प्राणी:
उद्याची काळजी आज करायचा,
आणि कुणी बघत नसताना हसायचा.

मग कागदाची गिरणी बंद झाली.
तुओमोला दक्षिणेत काम मिळालं, रविवारची गाडी.
"ओत्सोला मारून टाक," तो इर्याला म्हणाला. "नीट. अर्धवट नको."
तिने मारलं. पुलावर, एका बाणात.
फासा टाकलाच नाही.

सरडा म्हणाला, आमच्यात मेलेल्याचं काळीज वाटून खातात,
नाहीतर तो उपाशी जातो.
थव्याने मोजदाद केली: दोनशे एक जणी रडल्या,
एकोणसाठ जणींना काही कळलंच नाही.
डोंगरवासी गप्प.
तुओमो खवळला. "पुरा रे त्याला! माणूस आहे तो!
खड्डा खणा, चार शब्द बोला, कॉफी प्या!"

पण कुणाला सुरुवातच करता येईना.
सगळा हिवाळा आम्ही विसरण्याची तालीम केलेली.
पिर्क्कानेच मग खिशातून पुडी काढली,
ज्येष्ठमधाच्या काळ्या, खारट गोळ्या,
प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवली. "काळीज."
तुओमोने आपल्याच भालाइताचा तुकडा बराच वेळ चघळला.
"बरा होता," म्हणाला.

दोन गुरुवारांनी, इल्ताची पाळी चालू असताना,
साकारी एकदम बोलला:
"पुलावर कुणीतरी पडलंय. थांबायला हवं."
इल्ताने उचललेला फासा खाली ठेवला.
इर्या माझ्याकडे वळली. रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली,
"दलदलीतल्या बाई, तुला काय वास येतो?"

डांबर. ओली लोकर. राईचा पाव.
आहे, मी म्हणाले.
थोडा कमी.