दोनशे चौदा पानं

ओत्मारनं डिसेंबरात यादी काढून दिली.
म्हणाला, मावशी, ही दोनशे चौदा पानं
दुकानात आहेत आणि नाहीतही.
एकाही पानावरून यांच्याकडे वाट जात नाही.
आमच्या धंद्यात यांना अनाथ म्हणतात.
मी चहा ढवळत राहिले,
साखर घातलीच नव्हती तरी.

याब्लोनेत्समध्ये काचेची बटणं विकते मी,
आधी चौकातल्या दुकानात, आता पडद्यावर.
बाहेर म्शेनोचं तळं गोठलेलं,
अकरा नंबरची ट्राम लिबेरेत्सकडे रिकामीच निघालेली.

यादीत एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर
पाकोळी.
निळी, अठरा मिलिमीटर, मागे तारेची कडी.
वोयतेखनं शेवटच्या हिवाळ्यात दाबलेली,
भट्टीपाशी कांडी फिरवत, एक डोळा मिटून.
तो नेहमी डावाच मिटायचा.
पान मीच केलेलं, फोटो मीच काढलेला,
आणि तीन वर्षांत मीच तिकडे फिरकले नव्हते.
मग शोधयंत्राला कसला बोल लावायचा?
ते बिचारं वाट असेल तिथवर चालतं,
वाट संपली की मागे वळतं.

पहिल्या रात्री मी घाई केली.
मुखपृष्ठावरच चाळीस दुवे टांगले,
प्रत्येकावर एकच मजकूर: इथे क्लिक करा.
ओत्मार सकाळी हसला.
'इथे' म्हणजे कुठे, मावशी?
आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार घालणाऱ्याचा
नमस्कार कुणी मोजतं का?

तेव्हा पुसून टाकलं सगळं
आणि बसले सोयरिकी जुळवायला.
लोकरी कोटाच्या जाड बटणांशेजारी कोण शोभेल?
'काच कशी पुसावी' या माझ्या लांबलचक लेखात
तारेच्या कडीचा उल्लेख येतो,
तिथून एक पायवाट काढली,
तिच्यावर नीट नाव लिहिलं:
निळं पाकोळी-बटण, तारेच्या कडीचं.
पक्ष्यांच्या बटणांचं एक दालन केलं,
त्यात घुबड, टिटवी, एक कोंबडाही
ज्याचा तुरा साच्यातच मोडलाय.
कोंबड्यापासून पाकोळीकडे, पाकोळीपासून परत दालनात.
कधी कधी जुळतच नव्हतं.
हिरव्या चौकोनी बटणांना अजून कुणी नाही.
जबरदस्तीनं नातं लावायचं नाही,
एवढं मात्र मी ठरवलं होतं.

फेब्रुवारीत ओत्मारनं आलेख दाखवला.
पक्ष्यांचं दालन शोधात सातव्या पानावर होतं,
आता दुसऱ्यावर, तळाशी.
पहिल्यावर नाही, तो म्हणाला, थोडा ओशाळून,
जसा काही बर्फ त्यानंच पाडला होता.

मार्चमध्ये ताम्पेरेहून कुणी हेल्का
आईच्या कोटाचं हरवलेलं बटण शोधत आली.
तिच्या पाऊलखुणा मला दिसल्या:
काच पुसण्याच्या लेखावर चार मिनिटं,
मग कडीच्या ओळीवर बोट,
मग पाकोळी.
सहा हवी होती तिला.
डबा उघडला. पाच निघाली.
तिला लिहिलं, पाचच आहेत,
करणाऱ्याला आता सहावं करता येणार नाही.
तिनं लिहिलं, पाच पाठवा,
कोटाचं वरचं बटण आई कधी लावतच नसे.

संध्याकाळी ओत्मारचा फोन.
साठा शून्य झालाय, पान काढून टाकू?
नको, म्हटलं.
वाटा आता कुठे रुळायला लागल्यात.
वर लिही, संपलं.
खाली दुवा दे त्या टिटवीचा,
त्याच भट्टीची आहे, त्याच महिन्यातली,
डबाभर पडून आहेत.
फोटो तोच राहू दे, माझा,
कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय तो.
कापू नकोस.