डावं का उजवं

वडणग्याचा केरबा सकाळी फोनवर म्हणाला,
ताई, कुत्रं मोडलं.
गुऱ्हाळावर काहील उचलायचं चाक असतं,
ते उलटं फिरू नये म्हणून दातात अडकणारं
बोटाएवढं लोखंड, त्याला कुत्रं म्हणतात.
ते नसेल तर उकळत्या रसाची काहील
दोन गडी नुसत्या दंडावर धरून उभे राहतात.
अजून चार आदणं बाकी हैत, म्हणाला.

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
अप्पांच्या खुर्चीत बसून मी शोधायला घेतलं.

आधी ते, ज्याचं नावच आता क्रियापद झालंय.
अर्ध्या सेकंदात त्यानं लाखभर कुत्री आणून सोडली,
काळी, पांढरी, कान पाडलेली,
पट्ट्यांसकट, लशीच्या तारखांसकट.
मी 'चाकाचं' हा शब्द वाढवला,
तर मागच्या पायांना चाकं लावलेलं एक लंगडं कुत्रं,
परदेशातलं, बर्फातून आनंदानं पळताना.
मग म्हणालं, तुमच्या जवळचं दुकान:
चौगुले स्पेअर्स, अंतर शून्य मीटर,
कायमचं बंद.
मी शटरकडे पाहिलं. वर होतं.
चहाचा पोरगा ग्लास न्यायला आलेला,
त्याला विचारलं, आपण बंद आहोत का रे?
म्हणाला, करणार असाल तर आधी
अठ्ठावीस चहाचे द्या.

दुसरं कॉम्प्युटरबरोबरच आलेलं,
आहेरातल्या स्टीलच्या डब्यासारखं,
कोणी मागितलं नव्हतं, टाकवतही नाही.
त्यानं माझं मराठी तपासलं:
'तुम्हाला कुत्रा म्हणायचे आहे का?'
शाळेतल्या बाई आठवल्या.
पण त्याच्याच सातव्या पानावर
राजकोटचा एक कारखाना सापडला,
तिथे या लोखंडाला दुसरंच काही म्हणतात,
किमान मागणी पाचशे नग.
केरबाला एक हवं होतं.

तिसरं, बदकाच्या चित्राचं, भाच्यानं घालून दिलंय.
ते माग ठेवत नाही म्हणे.
कोण तुम्ही, कुठल्या, काल काय विचारलंत,
काही म्हणता काही नाही.
त्याच्याकडे फार नव्हतंही.
एका रहाटाचा जुना फोटो, खाली एक अक्षर नाही,
आणि मोठा करून पाहिला तर
कोपऱ्यात, गंजलेलं, कुत्रं.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.
फोटोतून काढता आलं असतं तर.

दुपारी मागच्या गल्लीत इलाही मिस्त्रींकडे गेले.
वय एक्क्याऐंशी. लेथ आता मुलगा चालवतो,
हे नुसते बाकावर, मांडीवर कॅलिपर,
उघडतात, मिटतात.
मला पाहून म्हणाले, का रं भूपाल, वाळलास.
भूपाल म्हणजे अप्पा. सहा वर्षं झाली.
मी दुरुस्ती केली नाही.
म्हटलं, मिस्त्री, कुत्रं पाहिजे, काहिलीच्या चाकाचं.
कॅलिपर थांबला.
"डावं का उजवं?"

सकाळपासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.
खरं तर मलाही माहीत नव्हतं.

केरबाला फोन लावला. मागे इंजनाचा आवाज,
कोणीतरी 'सोडू नगंस, सोडू नगंस' ओरडत होतं.
थांबा ताई, म्हणाला,
हात मोकळा झाला की बघून सांगतो.
मी फोन कानाला धरून उभी.
तेवढ्यात मिस्त्री पुन्हा म्हणाले,
का रं भूपाल, कवा आलास?

उजवं निघालं.
पोरानं ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून घासून दिलं,
साठ रुपये, वर चहा.

त्याला आठ दिवस झाले.
बदक विसरलं. मिस्त्री विसरले.
पहिलं मात्र रोज सकाळी विचारतं,
पिल्लासाठी खाद्य मागवायचं का,
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
चौगुले स्पेअर्स, कायमचं बंद.
ही माहिती बरोबर आहे का?
हो. नाही.
अप्पांच्या खुर्चीत बसून
मी बोट तसंच धरून ठेवते.