फक्त पाणी उकळावे

दादरच्या लॉजवर चौथ्या मजल्याला आमची खोली.
दोन खाटा, एक खिडकी, एक किटली.
किटलीवर चिठ्ठी चिकटवलेली: फक्त पाणी उकळावे.

सुट्टी चार दिवसांची.
रत्नाकर म्हणाले, सुट्टीत कसलं आलंय पथ्य.
मी तरी डॉक्टरांचा कागद आणलाच,
चार घड्या घालून, पर्समध्ये, एसटीच्या तिकिटांमागे.
कोशिंबीर भरपूर. मोड आलेली कडधान्यं. साखर बंद.
किंमत कुठेच लिहिलेली नाही.

पहिल्या दिवशी समुद्र बघून झाल्यावर
एका काचेच्या हॉटेलात शिरलो,
कारण पाटीवर हिरवं पान काढलं होतं.
वाडगाभर पाला, वर डाळिंबाचे अकरा दाणे
(मी मोजले, मोजण्याइतकेच होते),
चारशे साठ रुपये.
रत्नाकरांनी बिल दोनदा वाचलं
आणि रस्त्यावर येऊन, भूक तशीच होती म्हणून,
भजी मागवली.
मीही खाल्ली. खोटं कशाला बोलू.

मेहकरात माझी समजूत होती
की माणूस नको ते खातो ते जिभेपायी.
इथे कळलं, पायांपायीही खातो.
दमलेले पाय जिथे थांबतील
तिथे जे तळत असेल, ते.

दुसऱ्या रात्री साडेनऊनंतर बाजार उतरला.
काकडीवाली गोणपाट गुंडाळत म्हणाली,
"घे गं बाई, सगळ्या वीसला. परत कुठं वाहून नेऊ?"
सहा काकड्या. वर एक लिंबू, पिचके तीन टोमॅटो.
कोपऱ्यावरून सहा अंडी, वर्तमानपत्रात.
मूग मी पिशवीत आणलेच होते,
दिवसभर भिजवून रुमालात बांधले, न्हाणीच्या नळाला टांगले.
घरी दोन दिवस लावतात,
इथल्या घामट हवेत रातोरात मोड.

सकाळी दाराला कडी घालून
किटलीत अंडी सोडली.
चोरी केल्यासारखे दोघं खाटेवर बसून
कवचांची टकटक ऐकत राहिलो.
वास दाराखालून निघून गेला.
त्याला कोण कडी घालणार?

मग टकटक दारावर.
वाल्मीक, लॉजवरचा पोऱ्या, हातात टॉवेल.
नाक वर करून हसला.
"काकू, सगळेच करतात. दहा नंबरवाल्यांनी खिचडी केली,
किटलीच गेली.
कवचं तेवढी खिडकीतून टाकू नका."

मी एक अंडं पुढे केलं.
उभ्या उभ्या खाल्लं त्यानं, मीठसुद्धा न मागता.
"तू काय खातोस रे?"
"वडापाव. सकाळी दोन, रात्री दोन."
"अरे, एका वडापावात दोन अंडी येतात."
"येतात," म्हणाला,
"पण किटली तुमच्या खोलीत आहे."

आणि टॉवेल ठेवून खाली गेला,
तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बेल मारत होतं.

मला माझा ओटा दिसला.
तीन शेगड्या, कुकर, विळी, फ्रीजचा अर्धा रिकामा कप्पा,
दुपारचे दोन तास, ज्यांत मी मालिका बघत
डब्यातली शेव संपवते.
आणि डॉक्टरांना सांगते, फळं कुठे परवडतात हो हल्ली.
नाहीच परवडत. तेही खरं आहे.
पण मूग?

रत्नाकर काकडी सोलत होते,
नेलकटरच्या इवल्या सुरीनं, जाड जाड सालं काढत.
"सालासकट खा," मी म्हटलं.
जरा जास्तच जोरात म्हटलं.

उरलेले दिवस असेच जेवलो.
एकदा कुल्फी खाल्ली, दोघांत एक.
कागदावर तिला जागा नव्हती, सुट्टीत होती.

निघायच्या सकाळी चार अंडी उकडली,
मिठाची पुडी करून टॉवेलांच्या घडीवर ठेवली.
चार अंडी म्हणजे काय, एक दिवस.
मला ठाऊक आहे.
किटली लिंबाच्या सालीनं तीनदा घासली.
वास गेला नाही.

आता त्या खोलीत जो कुणी उतरेल
त्याच्या पहिल्या चहाला जरासा येईल.
येऊ दे.