आडवी रेघ

तोरबाच्या लेकीनं पाकीट धाडलंय शाळेच्या पत्त्यावर.
आत एकच छापील कागद,
बापाची सगळी कारकीर्द, सालवार.
क्लबांची नावं मला वाचता येत नाहीत.
काही अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं,
एकाच्या डोक्यावर चुंबळ,
जणू ते अक्षर आत्ता पाण्याला निघालंय.

आकडे मात्र कळतात.
अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशी, एक पायरी वर.
सत्त्याऐंशी, दोन पायऱ्या खाली, नारळ.
एक्क्याण्णव, नवा क्लब,
हंगाम संपायच्या आतच नारळ.
मग त्र्याण्णव ते पंच्याण्णव
नुसती एक आडवी रेघ.

त्या रेघेत आम्ही राहत होतो.
पत्र्याच्या शेडांच्या सात ओळी,
एक हापसा, लामजन्याच्या पाटीपासून चार कोस.
तो आला होता संस्थेच्या जीपमधून, पत्रे ठोकायला.
तोरब्योर्न कुणाच्या जिभेवर बसेना.
सुगलाबाई म्हणाली, तोरबा म्हणा की,
धोंडबा, निरबा, तसा तोरबा.
त्यानं मान डोलावली. कळलं नसावं.

भुईकंपातल्या माळवदांखालून ओढून काढलेल्या तुळया
शेडांमागं रचून ठेवल्या होत्या.
त्यातल्या दोन त्यानं माळावर उभ्या पुरल्या.
कुणी काही बोललं नाही.
डावीकडची व्यंकट माकण्याच्या घरची.
आणि उंची बघून त्यानं गोलात उभं केलं
ते व्यंकटलाच.

महिनाभर व्यंकट डावीकडं झेपावला नाही.
तोरबा हातवारे करकरून थकला.
शेवटी दुभाष्या रझाकनं त्याला बाजूला नेऊन
काय ते सांगितलं.
दुसऱ्या दिवशी तुळईच्या जागी लोखंडी पाइप,
निळा रंग अजून ओला.
व्यंकट त्याच्या अंगावर धावून गेला:
आमची तुळई कुठाय?

तोरबानं ती खांद्यावर घालून परत आणली.
खड्डा स्वतः उकरला.
तरी डावीकडून गोल पडतच राहिले, ते राहिलेच.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या
तशी धाकटी लेकरं मैदानात पाय ठेवीनात.
त्यानं भेगाभेगांत तुराट्या खोचल्या
आणि त्यांच्यामधून चेंडू नागमोडी न्यायला लावला.
पडला तो हरला.
पंधरा दिवसांत भेगा कमी पडू लागल्या.

पायात चेंडू आला की आम्ही डोळे मिटून हाणायचो.
तो बाहेरून ओरडायचा: लुग्न! लुग्न!
आम्हाला ऐकू यायचं लग्न.
हसू फुटायचं,
हसता हसता चेंडू पायाखाली थांबायचा,
आणि मग दिसायचं
कोण मोकळा उभा आहे ते.
शांत, असा त्याचा अर्थ,
रझाकनं सांगितलं, पण फार उशिरा.
तोवर शब्द आमचा झाला होता.

सामना एकच झाला, उदगीरला.
सात गोल खाल्ले.
येताना टेम्पोत तो मागं आमच्यात बसला,
चुरमुऱ्याचा पुडा मांडीवर,
बोटांवर काहीतरी मोजत.
काय मोजतोय रे?
रझाक म्हणाला, कुठून कुठून काढलं ते.
बोटं संपली तसा तोरबा हसला,
आणि एक बोट पुन्हा उघडलं, आमच्याकडं रोखून.

कागदाच्या तळाशी लेकीनं
पेनानं एक तारीख लिहिलीय. बाकी काही नाही.

रेघेवर लिहावं म्हणून मी पेन काढलं.
सामने एक, हार एक.
टोपण परत लावलं.
व्यंकटला फोन केला.
त्याचं लातूरला वेल्डिंगचं दुकान आहे.
तारीख ऐकून तो गप्प झाला,
मागं ग्राइंडर चालू होता तो कुणीतरी बंद केला.
मग म्हणाला, ती आहे का अजून?
आहे. वाळवी नाही लागली.
डावीकडंच?
डावीकडंच.

मैदानात सातवीतल्या एका पोरानं
पायातला चेंडू उगाच उंच हाणला.
लग्न! मी ओरडलो,
फोन कानाला तसाच.