पोटापाण्यासाठी

काचपट्टी क्रमांक चार-शून्य-सात. बेल्मीरु पारेंत,
वय चौऱ्याहत्तर. जठराच्या खालच्या टोकाचे पाच तुकडे,
एकेक तांदळाच्या कणीएवढा.
व्हियानाच्या इस्पितळात, तळघरातल्या माझ्या खोलीला
खिडकी नाही; नदी किती भरली आहे
हे मला भिंतीच्या ओलीवरून कळतं.

पहिला तुकडा गुलाबी. दुसरा गुलाबी.
तिसऱ्यात निळं.

हा रंग अशाच पेशीला चढतो,
पेल्याच्या आकाराच्या, चिकट स्राव भरून बसलेल्या,
आणि तिचा पत्ता आतडं.
इथे, जठरात, तिचं काही काम नाही.

बाहेरून कुणी आलेलं नाही, हे आधी सांगते.
देओलिंडाने, त्याच्या बायकोने,
बाकावरच पर्स घट्ट धरून विचारलं होतं,
"डॉक्टर, हे आलं कुठून?"
आलं नाही, बाई. होतं तेच बदललं.
प्रत्येक पेशीत तोच जाडजूड ग्रंथ:
जठरासाठी काही पानं उघडी, आतड्यासाठी काही वेगळी,
बाकीची शिवून बंद.
वर्षानुवर्षं मीठ, खारवलेला मासा,
आणि भिंतीला चिकटून राहिलेला तो पीळदार जंतू.
जळल्या जागी ठिगळ, ठिगळावर ठिगळ,
लावता लावता एकदा शिवण उसवली
आणि भलतंच पान उघडलं.

मी याला पाप म्हणत नाही.
रोज निखारे पडतात त्या अंगणात
कुणीतरी वेगळी कातडी पांघरून तगलं,
एवढंच. पोटापाण्यासाठी.

बेल्मीरुने तरी दुसरं काय केलं?
अठराव्या वर्षी ग्रीनलंडच्या पाण्यात कॉड मारायला,
एकट्याच्या होडीत, धुक्यात.
मग गोदीत वेल्डर. गोदी बंद पडली
तेव्हा शाळेच्या बसचं चाक.
तिन्ही धंद्यांतून संध्याकाळी परतताना
त्याने वळणावर तीच शीळ घातली
आणि कुत्रं दाराशी आलं.

इथे माझी उपमा मोडते.
पेशीला कुत्रं नसतं.

शेजारणी असतात, खरं म्हणजे.
त्या बराच काळ हाका मारतात,
सरकून दाबून बघतात, तू आमचीच ना?
पण एक सोंग वठलं की दुसरं सोपं जातं,
आणि कधीतरी, क्वचित,
जठरही नाही, आतडंही नाही,
सगळी पानं वाऱ्यावर फडफडत
ती बारशाआधीच्या बाळासारखी होते:
नाव नाही, गाव नाही,
ठाऊक फक्त वाढणं.
बाळाला निदान झोप लागते.

सोळा वर्षांत हे किती वेळा पाहिलं ते मोजलेलं नाही.
आणि किती वेळा निळं नुसतं निळंच राहिलं,
माणूस आपल्या म्हातारपणानेच गेला,
तेही कुणी मोजत नाही. ते फार जास्त असेल.

आई हल्ली मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते.
पहिल्यांदा मी चुकीची दुरुस्ती केली.
आता ओ देते.

परत तिसरा तुकडा. भिंग मोठं करते.
केंद्रकं अजून तळाशी, एका रांगेत,
शहाण्या मुलांसारखी. मान वर काढलेली एकही नाही.
पुन्हा मोजते. एकही नाही.
लिहिते: जठराने आतड्याचं रूप घेतलेलं. विकृत वाढ नाही.
जंतूवर औषध. वर्षाने पुन्हा तपासणी.
"वर्षाने" लिहिताना लेखणी थांबते,
मग "आठ महिन्यांनी" करते,
मग पुन्हा वर्षच.

झुल्मीरा पट्टी पुसून खणात ठेवते.
खणावर तिच्या गोल अक्षरातली चिठ्ठी: जठर.
मी काही बोलत नाही.