ठिकाणावर

डोकं ठिकाणावर आहे का,
हे आम्ही इथे मिलिमीटरमध्ये मोजतो.

वूच, पोलंड. जानेवारी, सकाळचे सात दहा.
तळघराला खिडकी नाही, बाहेरचा बर्फ
लोकांच्या बुटांवरून कळतो.
लेओकाडियाबाईंनी बूट काढले,
अंगठी निघेना, ती साबण लावून काढली,
केसांतल्या पिना एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या.
अकरा.
बारावी त्यांना दारापाशी आठवली.

वय सदुसष्ट. निदान जुनं, फायलीइतकंच पिवळं.
कानांच्या दोन्ही बाजूंना स्पंज खोचला,
हातात रबरी फुगा दिला, म्हटलं,
भीती वाटली तर दाबा, एरवी हलू नका, आठ मिनिटं.
आवंढासुद्धा आवाज थांबल्यावर गिळा.
"आणि विचार?"
विचार चालतील, म्हटलं. त्यांच्यासाठीच तर बोलावलंय.

मग यंत्र सुरू झालं.
ठक्क-ठक, ठक्क-ठक, ठक्क-ठक.

माझ्या पडद्यावर सहा रेषा असतात,
तीन सरकण्याच्या, तीन वळण्याच्या.
विद्यापीठातली निरोगी पोरं शंभर झ्लॉटींसाठी
मेल्यासारखी पडून राहतात. रेषा सपाट.
बाईंच्या रेषा डोलत होत्या.
गोळ्यांनी येते ती थरथर नव्हे, ती मी ओळखतो.
ही लयीत होती. डावीकडे, उजवीकडे,
डावीकडे, उजवीकडे,
शून्य पूर्णांक चार.

बाहेर आल्यावर मी जरा रागानेच विचारलं.
म्हणाल्या, आत माग होता ना.
एकवीस वर्षं, सहा माग, एकटीने.
धोट्यामागे डोळे पळवायचे नसतात, नजर दमते,
मानेनेच त्याच्यासोबत जायचं.
धागा तुटला की आधी मान अडखळते, मग कान.
गिरणी केव्हाच बंद पडली, आता तिथे चपलांची दुकानं आहेत,
पण मानेला कुणी कळवलं नाही.
"तुमचा माग," बूट घालता घालता म्हणाल्या,
"मधूनच एक खेप चुकतो. तेल बघा."

डॉक्टर यारोशांच्या तक्त्यात
रुग्णांचा मेंदू पातळ निघायचा.
वरची राखाडी साल केसभर कमी,
लांबच्या भागांचं आपसातलं बोलणं तुटक.
तीन वर्षं आम्ही हे धरून चाललो.
परिषदांमध्ये लोकांनी माना डोलावल्या.
मग झेनोबियाने, जी नवी होती,
जिचा पगारही अजून नीट सुरू झाला नव्हता,
त्याच निरोगी पोरांना पुन्हा आत घातलं आणि सांगितलं,
आता मुद्दाम हला थोडं.
त्यांचीही साल पातळ झाली.
एका दुपारीत.

तेव्हापासून नियम आहे,
शून्य पूर्णांक दोनच्या वर गेलेलं डोकं वगळा.
नियम बरोबर आहे, मी त्यावर सही केलीय.
बाईंना ठेवलं तर आकडे खोटं बोलतात.
वगळलं तर उरतात ते
ज्यांना आठ मिनिटं दगड होता येतं,
म्हणजे थोडे कमी आजारी,
किंवा हललं की मार बसतो हे कुठेतरी शिकून आलेले,
किंवा ज्यांनी कधी माग चालवला नाही.
आजार कुणाचा मोजला मग?
झेनोबिया म्हणाली, हा प्रश्न मलाही पडतो,
आणि पुढची फाईल उघडली.

कारणाचा रकाना अरुंद आहे, एकच शब्द मावतो.
लिहिलं: हालचाल.

बाईंना पिना परत केल्या, मोजून बारा.
आरसा नव्हता.
पिना दातांत धरून, एकेक काढून
त्या मागे हात नेऊन खोचत होत्या,
आणि तेवढा सगळा वेळ
त्यांचं डोकं जराही हललं नाही.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.
त्याने विचारलं, कितव्या ठोक्याला चुकतं?
बाईंनी आकडा सांगितला होता.
मी लिहून घेतला नव्हता.